दोन हात राखाडी

माझ्या धाकट्या भावाच्या चार महिन्यांच्या कामाची मी तीन दिवसांत माती केली, आणि वर शाबासकीची वाट बघत बसलो. कुणी विचारलं तर सांगतो, लपवत नाही. लपवून काय करू, घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

माझा धंदा होड्या रंगवायचा. श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आमचं गाव. मासेमारी बंद झाली की होड्या वर ओढतात आणि माझे दिवस सुरू होतात. जुना रंग खरवडायचा, भेगांत लांबीचा लगदा भरायचा, पॉलिश पेपर मारायचा, मग प्रायमर, आणि त्यावर ऑइलपेंटचे दोन हात. हात म्हणजे थर, आमच्याकडे सगळे असंच म्हणतात. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात जाताना गेल्या वर्षाचा एक ओरखडा दिसता कामा नये. दिसला तर होडीवाल्याला लाज, आणि मला त्याहून जास्त. बेचाळीस वर्षं मी हेच करतोय. खाऱ्या पाण्यानं, दोरांनी, जाळ्यांनी, माणसांच्या पायांनी जे काही केलं असेल ते पुसून टाकायचं. होडीच्या पुढच्या टोकावर नावही मीच लिहितो, म्हणून अक्षर बरं आहे, आणि म्हणून हे लिहायला धजलोय. गावात म्हणतात, ह्याचा रंग दोन पावसाळे हलत नाही. ते ऐकलं की मी मिशीवरून हात फिरवायचो.

भाऊ माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. आमच्या घरातला समुद्रावर न गेलेला पहिला. फौजेत गेला, हेलिकॉप्टरचा मेकॅनिक झाला आणि नोकरीतली बरीच वर्षं वर बर्फात काढली. छोटं हेलिकॉप्टर, पुढे सगळी काच, दोन पायलट आणि मागे जेमतेम जागा. डोंगरावरून जखमी, आजारी जवान खाली आणायचे. हा मागे बसून सोबत जायचा. एकाच हेलिकॉप्टरवर अठरा वर्षं. त्याला तो 'ती' म्हणायचा. 'आज ती कुरकुरत होती' असं फोनवर सांगायचा, आणि मी म्हणायचो, "बायकोला कळू दे, मग कुरकुर कशाला म्हणतात ते समजेल तुला."

रिटायर होऊन तो गावी आला तेव्हा वादळात उडालेले घराचे पत्रे नुकते बसवून झाले होते. पडवीच्या उजव्या अंगाच्या दोन खोल्या त्याच्या, डाव्या माझ्या. माझी बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, त्यामुळे माझं जेवण त्यांच्याकडेच. दीड वर्ष बरं गेलं. मग त्याच्या पोटात दुखायला लागलं. त्या दुखण्याचं नाव आम्ही घरात घेत नव्हतो.

उपचारांच्या मधल्या दिवसांत त्यानं कुठूनसा एक खोका मागवला. कुरियरवाला आमच्या गावापर्यंत येत नाही, म्हणून मीच बोर्लीला जाऊन घेऊन आलो. आत प्लास्टिकचे बारीक बारीक तुकडे. सगळे जोडले की हातभर हेलिकॉप्टर, त्याचंच.

"या वयात खेळणी?" मी म्हटलं.

"खेळणं नाही दादा, नोकरी आहे," तो म्हणाला. "अजून सुटली नाही."

त्यानं आधी कॉकपिट घेतलं, म्हणजे पायलट बसतात तो पुढचा भाग. ते आधीच करावं लागतं, कारण एकदा पुढची काच चिकटवली की आत बोट जात नाही. अर्ध्या करवंटीत मावेल एवढीशी जागा. दोन खुर्च्या, दोन दांडे, चार पेडल, घड्याळांची पाटी, आणि मागे दाराची चौकट. रोज सकाळी तो खिडकीपाशी ते घेऊन बसायचा. मी त्या वेळी किनाऱ्यावर असायचो. दुपारी घरी यावं तर त्यावर फडका टाकलेला. "पुरं झाल्यावर बघ," म्हणायचा. अर्धं काम दाखवायला मलाही आवडत नाही, म्हणून मी फडक्याला कधी हात लावला नाही. एक मात्र दिसत होतं, औषधांनी त्याचे हात थरथरायला लागले होते. चहा पिताना बशीत सांडायचा.

पुढच्या उपचारांना ती नवराबायको तीन आठवड्यांसाठी मुंबईला गेली. चावी माझ्याकडे दिली. एक दिवस झाडू मारायला म्हणून गेलो आणि फडका उचलला.

राखाडी रंग ठिकठिकाणी उडालेला. पेडलवर, खुर्चीच्या कडेला आतून काहीतरी चंदेरी दिसत होतं. कोपऱ्याकोपऱ्यात काळपट मळ. तळाशी धुळीचे पट्टे. एका खुर्चीवर काळी पट्टी, घड्याळांच्या पाटीखाली पिवळट-लाल डाग, आणि दाराच्या चौकटीवर तर रंग पार गेलेला, खालचं पांढरं प्लास्टिक उघडं. मला वाटलं, याचा हात गेला. रंग धड बसत नाही, बोटांचा मळ लागतोय, आणि बिचारा लाजेपायी फडका टाकून ठेवतोय. लहानपणीही असाच. पतंग फाटला तरी बोलायचा नाही, गादीखाली लपवायचा. मी त्याच्या खुर्चीत बसलो आणि रडलो. मग डोळे पुसले आणि माझी रंगाची पेटी घेऊन आलो.

एवढं मन लावून मी आयुष्यात एकही होडी रंगवली नसेल. साबणाच्या पाण्यानं मळ काढला. सगळ्यात बारीक पॉलिश पेपर भिजवून, काडीला गुंडाळून, कोपरा न् कोपरा घासला. प्रायमर मारला. मग राखाडीचे दोन हात, मधे पूर्ण एक दिवस सुकवून. खुर्च्याही एकसारख्या राखाडी केल्या. घड्याळांचे काटे आणि आकडे माझ्या नाव लिहायच्या बारीक ब्रशनं, श्वास रोखून, पांढरेशुभ्र काढले. वरून वॉर्निश. खिडकीबाहेरचा माड त्यात दिसत होता. मी ते दहा वेळा उचलून बघितलं असेल.

ती दोघं परत आली तेव्हा भावाला गाडीतून उतरवायला मी हात दिला, तर हातात नुसती हाडं आली. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. भावजयीनं ते मला अंगणात, चपला काढता काढता सांगितलं. मी ऐकलं. आणि लाज वाटते सांगायला, तरीसुद्धा माझं अर्धं लक्ष त्या फडक्याकडे होतं. चहा झाल्यावर राहवेना. म्हटलं, "जरा तुझं हेलिकॉप्टर बघ."

त्यानं फडका उचलला. मग अंगठा दाराच्या चौकटीवर टेकवला आणि तसाच ठेवून म्हणाला, "छान केलंस दादा. हात अजून तसाच आहे तुझा." जरा पडतो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. मला वाटलं, प्रवासानं दमला. संध्याकाळी किनाऱ्यावर मी मोबाइलवरचा फोटो दोघातिघांना दाखवला, मोठ्या ऐटीत.

तिसऱ्या दिवशी भावजय किनाऱ्यावर आली. ती कधी तिथे येत नाही. मी एका होडीवर नाव लिहीत होतो.

"भावोजी, तुम्हांला राग येल, पन बोलतंय," ती म्हणाली. "त्यातले डाग त्यांनीच काढले व्हते."

"कसले डाग?"

"हेलिकॉप्टरातले. रंग उडाला न्हवता. उडालेला दिसावा म्हणून तसा रंगवला व्हता. चार महिने त्येच करीत व्हते. कुठला डाग कुनाचा, मला सांगायचे. म्हणायचे, पुरं झालं का दादाला दाखवतो. धंद्यातला मानूस हाय, त्याला कळंल."

हातातला ब्रश होडीवर टेकलेलाच होता, आणि अक्षराचा काना खाली ओघळत गेला.

"परवापासून धड जेवले न्हाईत," ती म्हणाली, आणि पदर सावरून परत गेली.

धंद्यातला माणूस आहे, त्याला कळेल. कपाळ माझं. ताटावर बसलो की आजही हे वाक्य आठवतं आणि घास फिरतो.

तसाच घरी गेलो, हाताला निळा रंग घेऊन. तो पडवीत आरामखुर्चीत होता. "मला शिवी का नाही दिलीस?" मी ओरडलोच. अपराध माझा आणि आवाजही माझाच चढलेला. जन्माची खोड आहे ही.

"कशी देणार?" तो म्हणाला. "तीन दिवस मान मोडून केलंस. माझ्यासाठी केलंस, ते दिसत होतं ना."

"अरे, मला वाटलं मळ आहे."

"मळच होता. अठरा वर्षांचा." तो जरासा हसला. "तुझी तरी काय चूक. तू जे पुसतोस तेच मी काढत बसलो होतो."

आधीचा फोटो आहे का विचारलं. नव्हता. पुरं झाल्यावर काढणार होता. मी त्याच्या पायाशी बसलो आणि म्हटलं, परत करू, थिनर लावून माझा रंग उतरवतो. त्यानं मान हलवली. थिनर लागला तर प्लास्टिकच विरघळलं असतं. म्हणजे जे काही करायचं ते माझ्या रंगाच्या वरूनच. त्याच्या हातात आता ब्रश ठरत नव्हता, म्हणून त्यानं सांगायचं आणि मी काढायचं असं ठरलं. दिवस किती उरलेत ते दोघांनाही माहीत होतं. त्यानं डोळे मिटायच्या आत त्याचं कॉकपिट त्याला जसंच्या तसं परत दाखवायचं, मला दुसरं काही नको होतं. होडीवाल्यांना सांगून टाकलं, यंदा सकाळचा मी नाही.

पहिल्यांदा वॉर्निशची चमक मारली. मग त्यानं काळपट तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पाण्याइतका पातळ करायला लावला, थेंबभरच, आणि तो खाचांतून सोडायला सांगितला. रंग आपसूक कोपऱ्यांत जाऊन बसला. तो बसला मात्र, माझा हात फडक्याकडे गेला. बेचाळीस वर्षांची सवय, मळ दिसला की बोटं शिवशिवतात.

"पुसू नको," तो म्हणाला.

"घाण दिसतंय."

"दिसू दे. आणि मळ असा सगळीकडे नाही लागत दादा. हात पोचत नाही तिथं मळ साचतो, आणि हात पोचतो तिथला रंग उडतो. तू नेमकं उलट करतोयस."

चार वेळा करून पुसलं तेव्हा कुठे त्याच्या मनासारखं झालं. मग उडालेला रंग. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा चंदेरी रंगात बुडवायचा, कागदावर जवळजवळ कोरडा करायचा आणि कडेकडेनं हलकेच टेकवायचा. एक दिवस मी आपल्या अकलेनं दोन बोल्टांखाली तांबूस ओघळ काढले. होडीला प्रत्येक खिळ्याखाली तसा गंज उतरतो, वाटलं खूश होईल. त्यानं ते बघितलं आणि इतका हसला की ठसका लागला. "ते ॲल्युमिनियम आहे दादा. त्याला असा गंज नाही चढत. आणि तिथं कुठला आला समुद्र?" भावजयीनं पाणी आणून दिलं. पाणी पितानाही तो हसत होता.

डाग काढताना तो ज्याचा त्याचा हिशोब सांगायचा. डाव्या पेडलचा रंग टाचेपाशी गेलेला, कारण एक साहेब उडताना गाणं गुणगुणायचे आणि टाचेनं ताल धरायचे. उजव्या खुर्चीवरची काळी पट्टी याच्याच हातची. दुसऱ्या एका साहेबांच्या खिशातल्या कसल्याशा वस्तूनं खुर्ची फाटली होती. नवं कव्हर आलं तरी ते बदलू देईनात. ते साहेब एका हिवाळ्यात दुसऱ्या हेलिकॉप्टरमधून गेले आणि परत आले नाहीत. पट्टी मग तशीच राहिली. तळावरचा लांब ओरखडा स्ट्रेचरच्या लोखंडी आकड्याचा. त्यावर झोपलेल्या जवानाची पायाची बोटं बर्फानं काळी पडली होती आणि तो सारखा विचारत होता, माझे बूट कुठे गेले. "काय सांगितलंस?" मी विचारलं. "मागून येतायत म्हणालो," तो म्हणाला. ओरखडा मी नाव लिहायच्या ब्रशनंच काढला. मन घट्ट करून एका झटक्यात.

पाटीखालचा पिवळट-लाल डाग मात्र मला न सांगता कळला. दसऱ्याला ते हेलिकॉप्टरची पूजा करायचे. हळदकुंकवाचं बोट लावायचे ते कुणी पुसायचं नाही, पुढच्या वर्षी त्यावरच दुसरं. आम्ही होडीला लावतो तसंच. तो डाग भावजयीनं काढला, देव्हाऱ्यातली हळद आणि कुंकू काडीच्या टोकावर घेऊन. धुळीसाठी नारळाच्या सोडणाची, वरच्या सालीची, राख तीनदा चाळून घेतली. तिकडची धूळ याच रंगाची असते म्हणाला. अकरा सकाळी अशा गेल्या. त्या अकरा दिवसांत आम्ही जेवढं बोललो तेवढं आधीच्या चाळीस वर्षांत बोललो नव्हतो.

एक जागा त्यानं मागे ठेवली होती, दाराची चौकट. विचारलं की "ते शेवटी" म्हणायचा. बाराव्या दिवशी बाकीचं सगळं झालं. त्यानं ते मांडीवर घेतलं, खिडकीकडे फिरवून फिरवून बघितलं आणि म्हणाला, "हीच ती." मला रडू आवरेना. मग त्यानं चौकटीवर अंगठा ठेवला.

"मागे बसलो की माझा डावा हात इथं," तो म्हणाला. "वाऱ्यानं हेलिकॉप्टर हलायचं, धरायला लागायचं. उजवा हात खाली पडलेल्या माणसाच्या अंगावर आणि डावा इथं. अठरा वर्षं. इथला रंग माझ्या अंगठ्यानं गेला होता. म्हणून यातही मी तो रंगवला नव्हता. बाकीचे डाग सगळे रंगवलेले. हा तेवढा घासून घालवला होता. रोज थोडा थोडा, चार महिने."

आणि त्यावर मी पॉलिश पेपर फिरवला होता. मी पेटीतून कागदाचा तुकडा काढला, म्हटलं, दोन मिनिटांत उघडं करतो.

"कागद नको," तो म्हणाला. "मी करतो."

त्या दिवसापासून तो ते पोटावर घेऊन पडून असायचा आणि अंगठ्यानं चौकट घासायचा. जोर काय असणार त्या अंगठ्यात. थांबायचा, डोळे मिटायचा, परत घासायचा.

"कसला रंग लावलायस रे?" एकदा म्हणाला.

"ऑइलपेंट. दोन हात. वर वॉर्निश."

"पक्का आहे."

आम्ही दोघं हसलो. कोण हसतंय ते बघायला भावजय स्वयंपाकघरातून बाहेर आली.

रोज दुपारी तो विचारायचा, "गेला का बघ." मी ते खिडकीशी न्यायचो, तिरकं धरून बघायचो आणि सांगायचो, "बराच फिका झालाय. अजून चार दिवस." रंग तसूभर हलला नव्हता. त्याला माझं ऐकून बरं वाटायचं, की माझ्यासाठी बरं वाटल्यासारखं दाखवायचा, देव जाणे. असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी सकाळी भावजयीनं त्याला दोन चमचे पेज भरवली, वाटी ठेवायला आत गेली, आणि ती परत येईपर्यंत तो गेला होता. कॉकपिट पोटावर होतं आणि अंगठा चौकटीवर.

त्या वर्षी होड्यांना उशीर झाला. कुणी तक्रार केली नाही. रंग नेहमीसारखाच झाला म्हणाले. कुणी माझ्या रंगाची तारीफ केली की आता मी काम अर्धवट टाकून लांब जाऊन बसतो.

बाकीच्या तुकड्यांबरोबर हेलिकॉप्टरची काच अजून खोक्यात आहे. ती मी चिकटवलेली नाही, चिकटवली की आत बोट जाणार नाही. रोज सकाळी किनाऱ्यावर जायच्या आधी मी त्याच्या खुर्चीत बसतो आणि चौकटीवर अंगठा घासतो, बाहेरचा माड पुरता उजळेपर्यंत. भावजय चहा आणून ठेवते. एकदाच विचारलंन, "भावोजी, किती दिस?" मी म्हटलं, "जाईल गो." सात महिने झाले. आज सकाळीही घासलं, खिडकीशी नेलं, तिरकं धरून बघितलं. माझ्या अंगठ्याचं कातडं निघालंय. रंग जागचा हललेला नाही. चांगला लावलाय मी.